१८१४: बाल्टिमोरवर २५ तास तोफमारा झाला, तरी फोर्ट मॅकहेन्री पडला का नाही?

दारूकोठार (धागाकर्ता)

ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात १८१२ मध्ये सुरू झालेलं युद्ध. १३ सप्टेंबर १८१४, सकाळी साडेसहाचा सुमार. पटाप्स्को नदीतून वर सरकलेल्या ब्रिटिश जहाजांनी बाल्टिमोर बंदराच्या तोंडावरच्या फोर्ट मॅकहेन्रीवर मारा सुरू केला. तो थांबला दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातच्या आसपास. किल्ल्याचा प्रमुख मेजर जॉर्ज आर्मिस्टेड याच्या अंदाजाप्रमाणे १५०० ते १८०० कुलपी (पोकळ, आत दारू भरलेले) गोळे आले आणि त्यातले चारशेच्या आसपास किल्ल्याच्या हद्दीत पडले. आत हजारभर माणसं होती. मेली चार, जखमी झाली चोवीस.

तीनच आठवड्यांपूर्वी, २४ ऑगस्टला, ब्लेडन्सबर्गला अमेरिकन मिलिशियाची (नागरिकांतून उभ्या केलेल्या फौजेची) दाणादाण उडाली होती आणि त्याच रात्री वॉशिंग्टन जळलं होतं. मग तोच शत्रू एका किल्ल्यापुढे का अडला? किल्ल्यातली माणसं शूर होती यात शंका नाही, पण नुसत्या शौर्यावर बोळवण केली की पुढचा विचारच थांबतो. माझ्या मते खरं उत्तर तोफांचा पल्ला आणि गोळ्यांची वात या दोन गोष्टींत आहे. जाणकारांनी तांत्रिक बाजूने लिहावं: तोफा, गोळे, अग्निबाण, नदीची खोली, जे माहीत असेल ते. हाच मारा पाहून अमेरिकेचं राष्ट्रगीत लिहिलं गेलं ती गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे, तिला इथे दुय्यम ठेवू.

उखळी_तोफ

फार चांगला विषय काढलात. आधी जहाजांबद्दल लिहितो.

टेरर, मीटिअर, डेव्हास्टेशन, एटना आणि व्होल्केनो ही पाच बॉम्ब जहाजं, आणि जोडीला अग्निबाण सोडणारं एरिबस. बॉम्ब जहाज आकाराने लहान असतं, पण त्याच्या पोटात दोन उखळी तोफा असतात, एक १३ इंची आणि एक १० इंची. १३ इंचीचं वजनच चार टनांच्या पुढे. नेहमीची जहाजी तोफ उडाली की मागे सरकते. उखळीचा धक्का मात्र खाली जातो, म्हणून तिच्याखाली थेट बुडापर्यंत जाड तुळयांची चळत रचलेली असते. ही चळत नसेल तर थोड्याच बारांत फळ्यांचे सांधे उकलून पाणी आत येईल.

नेम धरायची रीतही निराळी. उखळी साधारण ४५ अंशांवर बसवलेली असते. पल्ला कमी-जास्त करायचा तर दारूचं माप बदलायचं. दिशा बदलायची तर नांगराच्या दोरखंडाला दुसरा दोर बांधून तो जहाजाच्या पिछाडीने आत घ्यायचा आणि चरकीवर ओढायचा, म्हणजे अख्खं जहाज हळूहळू फिरतं. या दोराला खलाशी स्प्रिंग म्हणतात. वाऱ्याने किंवा प्रवाहाने जहाज दोन अंश जरी फिरलं, तरी दोन मैलांवर गोळा सव्वाशे यार्ड बाजूला पडतो.

आता गोळा. बिडाचा, पोकळ, आत दारू. १३ इंची भरलेला गोळा १९० पौंडांच्या आसपास. त्याच्या भोकात वात ठोकायची. वात म्हणजे बीच लाकडाची निमुळती नळी, तिच्यात सोरा, गंधक आणि बारीक दळलेली दारू थराथराने ठासून भरलेली. अंतर पाहून नळी हव्या त्या लांबीवर कापायची. तोफेचा जाळ गोळा आणि नळकांडं यांमधल्या फटीतून पुढे येतो आणि वात पेटवतो, वेगळी काडी लावावी लागत नाही.

बिघडतं काय? वात आखूड कापली तर गोळा हवेतच फुटतो. लांब राहिली तर गोळा मातीत घुसतो आणि वात दबून विझते, नाहीतर मातीतच फुटून नुसती माती उडवतो. ठासताना मध्ये पोकळी राहिली तर जाळ झटकन आत पोचतो आणि गोळा तोफेच्या तोंडाशीच फुटतो, तेव्हा मरतात ते डागणारेच.

गणिताचा_तास

वरच्या प्रतिसादाला थोडी आकडेमोड जोडतो.

हवेचा अवरोध सोडून दिला तर ४५ अंशांवरून सव्वादोन मैल जाणारा गोळा सुमारे २७ सेकंद हवेत असतो. शेवटी तो सेकंदाला १३० मीटरच्या आसपास वेगाने खाली येत असतो. म्हणजे वात एका सेकंदाने जरी लवकर जळाली तरी गोळा तटाच्या शंभराहून जास्त मीटर वर फुटणार, तुकडे विखुरणार आणि खालच्या माणसाला लागण्याची शक्यता फार कमी. हाताने कापलेल्या, दमट हवेत साठवलेल्या वातींकडून सत्तावीस सेकंदांत एका सेकंदाची अचूकता मागणं म्हणजे फारच झालं.

दुसरा हिशोब वेगाचा. १५०० गोळे, २५ तास, म्हणजे तासाला ६०. पाच जहाजांत वाटले तर जहाजाला तासाला १२, आणि दोन उखळी धरल्या तर प्रत्येक उखळीला दहा मिनिटांनी एक बार. ऐकायला भयंकर वाटतं, पण तटावरच्या माणसाला दोन गोळ्यांच्या मध्ये सरासरी मिनिटभराची उसंत होती. प्रत्यक्षात मारा मध्ये थंडावला, मध्ये वाढला. तरी सरासरी हीच.

पावसाळी_कुंपण

दुरून डोंगर साजरे म्हणतात, ब्रिटिशांना दुरून किल्लाही साजराच दिसला असणार. :)

बाणदार

अग्निबाणांवर लिहायलाच हवं, कारण त्यांचं मूळ आपल्याकडे आहे.

हैदरअली आणि टिपूच्या फौजेतले बाण लोखंडी नळीचे होते. कागदी किंवा लाकडी नळीत दारू जास्त दाबाने जळू दिली तर नळी फाटते, लोखंड तो दाब सोसतं, म्हणून पल्ला वाढतो. नळी लांब बांबूला बांधलेली, बांबूमुळे दिशा टिकते. १७८० साली पोलिलूरच्या लढाईत इंग्रजांच्या दारूच्या गाड्या उडाल्या त्या याच बाणांनी असं सांगितलं जातं. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर काही नमुने इंग्लंडमधल्या वुलिचच्या शस्त्रागारात गेले. विल्यम काँग्रीव्ह या इंग्रजाने १८०४ पासून त्यावर प्रयोग सुरू केले आणि १८०६ मध्ये बुलोनवर, १८०७ मध्ये कोपनहेगनवर त्याचे बाण पडले.

बाल्टिमोरला एरिबसने वापरले ते ३२ पौंडी वर्गातले. पत्र्याची नळी साडेतीन फुटांच्या आसपास लांब, जाडी चार इंच, तिला बाजूने लोखंडी पट्ट्यांनी अडकवलेली १५ फुटी काठी. टोकाला सात-आठ पौंड आगलावं मिश्रण, किंवा गोळ्या भरलेलं डोकं. मोठा फायदा असा की धक्का बसत नाही, म्हणून जिथे जड तोफ ठेवता येत नाही अशा लहान होडीतूनही बाण सुटतो.

अडचणी तीन. काठी एका बाजूला असल्यामुळे जोर मध्यावर येत नाही आणि बाण वाकडा जातो. लांब काठीवर वारा बसतो आणि बाण वाऱ्याच्या दिशेने तोंड वळवतो. आणि आत ठासलेल्या दारूला हाताळताना बारीक तडा गेला, तर जाळ त्या फटीत शिरतो, एकदम जास्त दारू पेटते आणि बाण फुटतो. काठी मध्यावर आणण्याची सुधारणा काँग्रीव्हने केली ती १८१५ मध्ये, म्हणजे या लढाईनंतर. पुढे १८४४ मध्ये विल्यम हेलने बाण स्वतःभोवती फिरवून काठीच काढून टाकली.

तटबंदी

बाणदार, माहिती उत्तम. पण म्हैसूरच्या बाणांचं श्रेय जरा ताणलं जातं असं मला वाटतं. वुलिचमध्ये बाण पोचले हे खरं, पण दारूचं प्रमाण, यंत्राने ठासणं, पत्र्याची नळी, वेगवेगळी डोकी हे सगळं काम तिथलं. आणि बाण एकट्या म्हैसूरचे नव्हते, मराठी फौजांतही बाणदार होतेच.

बाणदार

तटबंदी, यंत्राने ठासण्याचं श्रेय काँग्रीव्हचंच, त्यावर वाद नाही. पण लोखंडी नळीचा लढाईत इतक्या मोठ्या प्रमाणावर वापर करणं, त्यासाठी वेगळ्या तुकड्या उभ्या करणं, ही म्हैसूरची करामत. काँग्रीव्हला सुरुवात तिथून मिळाली. ब्लेडन्सबर्गला अमेरिकन मिलिशिया बाणांच्या आवाजाने आणि धुराने बिथरली, तेच तंत्र इंग्रजांनी दक्षिणेत स्वतः सोसलं होतं.

आणि किल्ल्यावर बाण का चालले नाहीत त्याचंही कारण इथेच आहे. ३२ पौंडी बाणाचा पल्ला फार तर ३००० यार्ड, उखळीपेक्षा कमी. उभ्या माणसांच्या रांगेवर घबराट पसरते. मातीच्या तटावर बाण आपटला तर काय होणार?

गोदीकाठ

मुंबईत वारंवार ऐकू येणाऱ्या एका गोष्टीचा खुलासा करून टाकतो, नाहीतर कोणीतरी लिहिणारच. फ्रान्सिस स्कॉट की याने ते राष्ट्रगीत एचएमएस मिंडेन या ब्रिटिश जहाजावर बसून लिहिलं, आणि मिंडेन वाडियांनी मुंबईत बांधलेलं, अशी ती गोष्ट.

दुसरा भाग खरा आहे. ७४ तोफांचं मिंडेन जमशेटजी बोमनजी वाडियांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलं गेलं आणि १८१० मध्ये पाण्यात उतरलं. पहिला भाग टिकत नाही. मिंडेन पूर्वेकडच्या समुद्रात कामाला होतं, १८११ च्या जावा बेटावरच्या मोहिमेत होतं. की हा ब्रिटिशांच्या कैदेतल्या डॉ. विल्यम बीन्स यांना सोडवायला जॉन स्किनरबरोबर गेला होता. बीन्सना सोडायचं ठरलं, पण हल्ल्याचा बेत कळलेला असल्यामुळे या मंडळींना लढाई संपेपर्यंत जाऊ दिलं नाही. मारा पाहिला तो त्यांनी बोलणीसाठी आणलेल्या आपल्या अमेरिकन जहाजावरून, ब्रिटिश पहाऱ्यात.

तसंही ७४ तोफांचं जहाज किल्ल्याजवळ येणं शक्यच नव्हतं. पटाप्स्को उथळ आहे. मोठी जहाजं मुखाशीच थांबली, ब्रिटिश आरमाराचा प्रमुख ॲडमिरल कॉक्रेन यालाही टोनंट हे आपलं मोठं जहाज सोडून सरप्राइझ या लहान फ्रिगेटवर (मधल्या आकाराच्या युद्धजहाजावर) यावं लागलं.

ध्रुवीय_वारा

टेरर आणि एरिबस या नावांवरून: १८४५ मध्ये फ्रँकलिन ज्या दोन जहाजांवरून आर्क्टिकला गेला आणि परतला नाही, त्यातलं टेरर हेच. १८१३ मध्ये पाण्यात उतरलेलं, बाल्टिमोरवर गोळे टाकलेलं. एरिबस मात्र वेगळं, फ्रँकलिनचं एरिबस १८२६ चं. बरेच लोक दोन्ही एकच समजतात. टेरर ध्रुवाकडे का पाठवलं? कारण उखळी_तोफ यांनी वर लिहिलंच आहे. उखळीचा धक्का सोसायला बांधलेलं बूड बर्फाचा दाबही सोसेल, हा विचार. २०१६ मध्ये ते समुद्रतळाशी सापडलं, एरिबस त्याआधी २०१४ मध्ये.

सवडीने_वाचक

वाचतोय. मुंबईचा या युद्धाशी खरोखर काही संबंध आहे का? मिंडेनची गोष्ट तर गेली.

गोदीकाठ

आहे, आणि चांगला भक्कम आहे.

२९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशनने ब्रिटिशांची जावा ही फ्रिगेट हरवली. जावा मुंबईला निघाली होती. तिच्यावर मुंबईच्या फौजेचे नेमलेले प्रमुख लेफ्टनंट जनरल थॉमस हिस्लॉप होते, आणि मालात होतं मुंबईच्या गोदीत बांधल्या जात असलेल्या कॉर्नवॉलिस या ७४ तोफी जहाजासाठीचं तांबं. बुडाला मारायचे पत्रे. जावाच्या डोलकाठ्या एकेक करून कोसळल्या, कप्तान लॅम्बर्ट प्राणांतिक जखमी झाला. अमेरिकेपर्यंत ओढत नेण्यासारखी ती उरलीच नव्हती, म्हणून कप्तान बेनब्रिजने तिला जाळलं. कॉन्स्टिट्यूशनचं सुकाणूचं चाक लढाईत उडालं होतं, तिथे जावाचं चाक बसवलं. हिस्लॉपना ब्राझीलमधल्या साल्वादोरला, पुन्हा न लढण्याच्या शपथेवर सोडून दिलं.

हेच हिस्लॉप पुढे आपल्या इतिहासात येतात. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांच्या फौजेशी लढणारे तेच, आणि १८१८ च्या फेब्रुवारीत तापीकाठच्या थाळनेरला किल्लेदार तुळशीराम मामांना फाशी देणारेही तेच.

मोडी_दप्तर

थाळनेरचे हिस्लॉप आणि कॉन्स्टिट्यूशनच्या तोफांखाली आलेले हिस्लॉप एकच! शिरपूरकडच्या लोकांना थाळनेरचा प्रसंग ठाऊक असतो, ही मागची बाजू नाही. गोदीकाठ, मनापासून धन्यवाद.

लाकूडफाटा

जावा का हरली यावर थोडं. कॉन्स्टिट्यूशनच्या मुख्य तोफा २४ पौंडी, म्हणजे २४ पौंडांचा गोळा टाकणाऱ्या, जावाच्या १८ पौंडी. शिवाय कॉन्स्टिट्यूशनच्या फासळ्या जॉर्जियाकडच्या लाइव्ह ओकच्या. हे लाकूड इतकं घट्ट की घनफुटाला ७५ पौंडांच्या आसपास भरतं, ओलं तर पाण्यात बुडतं. फासळ्या जवळजवळ बसवून आतून-बाहेरून पांढऱ्या ओकच्या फळ्या मारल्या की पाणरेषेजवळ भिंत २० इंचांच्या वर जाते. १८ पौंडी गोळा अंतरावरून त्यात रुततो किंवा आपटून पडतो.

मुंबईच्या सागवानाचा गुण निराळा. ओकमध्ये टॅनिक आम्ल असतं, ते लोखंडी बोल्ट खातं, बोल्ट सैल झाले की जहाज गळतं. सागाचं तेल उलट लोखंडाला जपतं. सागाला कूजही लवकर लागत नाही, म्हणून मुंबईची जहाजं वर्षानुवर्षं टिकली. कॉर्नवॉलिस जावाबरोबरचं तांबं गमावूनही १८१३ मध्ये पाण्यात उतरलंच, आणि १८४२ चा नानकिंगचा तह त्याच्याच डेकवर झाला.

दर्यावर्दी

आणि त्याच कॉर्नवॉलिसची या युद्धात अमेरिकनांशी गाठही पडली. एप्रिल १८१५, दक्षिण अटलांटिक ओलांडून आफ्रिकेच्या टोकाकडे, केप ऑफ गुड होपकडे जाताना. पीकॉक आणि हॉर्नेट या दोन अमेरिकन स्लूपना (फ्रिगेटहून लहान युद्धजहाजांना) लांबून एक मोठं शीड दिसलं. ईस्ट इंडिया कंपनीचं मालवाहू जहाज असेल, चांगली लूट मिळेल, म्हणून ते जवळ गेले. निघालं ७४ तोफांचं कॉर्नवॉलिस. दोघे पळाले, कॉर्नवॉलिसने हॉर्नेटचा माग धरला.

जहाज हलकं कसं करायचं याचं हॉर्नेट हे चांगलं उदाहरण. कप्तान बिडलने बुडातलं लोखंडी वजन फेकलं, मग नांगर, नांगराचे दोरखंड, जादा काठ्या, होड्या, गोळे, आणि शेवटी एक सोडून सगळ्या तोफा. यात धोका असा की खालचं वजन जास्त काढलं तर जहाज डोईजड होतं आणि शिडांचा भार पेलत नाही, कलंडतं. म्हणून खालच्या वजनाबरोबर वरच्या तोफाही जायला लागतात, आणि माणसांना वाऱ्याच्या बाजूला बसवून तोल राखावा लागतो. हॉर्नेट सुटलं, पण लढण्याच्या कामाचं उरलं नाही. पीकॉक एकटं पूर्वेला गेलं.

तहनामा

दर्यावर्दींनी पीकॉक पूर्वेला सोडलं, तिथून पुढचं मी लिहितो, कारण ते थेट बॉम्बे मरीनचं, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईतल्या आरमाराचं प्रकरण आहे.

३० जून १८१५, जावा आणि सुमात्रा यांच्यामधली सुंदा सामुद्रधुनी. पीकॉकसमोर कंपनीच्या बॉम्बे मरीनचं लहानसं ब्रिग नॉटिलस आलं, प्रमुख लेफ्टनंट चार्ल्स बॉइस. तह झाल्याचं नॉटिलसकडून पीकॉकला कळवण्यात आलं होतं. कप्तान वॉरिंग्टनने झेंडा उतरवायला सांगितलं, बॉइसने नकार दिला. पीकॉकच्या ३२ पौंडी कॅरोनेडांपुढे (आखूड, जवळून मारायच्या तोफांपुढे) नॉटिलसचा टिकाव लागणं शक्य नव्हतं. सहा माणसं मेली, त्यात तीन लस्कर, म्हणजे आपल्याकडचे खलाशी. बॉइसचा पाय गेला. दुसऱ्या दिवशी वॉरिंग्टनने जहाज सोडून दिलं. या युद्धातली ही शेवटची समुद्री चकमक.

आता कलमं पाहा. हे युद्ध संपवणारा गेंटचा तह २४ डिसेंबर १८१४ चा, मंजुरीपत्रांची अदलाबदल १७ फेब्रुवारी १८१५ ला. बातमी पोचायला वेळ लागतो म्हणून दुसऱ्या कलमात मुदती पाडल्या होत्या. अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ १२ दिवस, उत्तर अटलांटिकच्या उरलेल्या भागात ३०, विषुववृत्ताखालच्या अटलांटिकमध्ये केपच्या अक्षांशापर्यंत ६०, विषुववृत्ताच्या दक्षिणेला इतरत्र ९० आणि जगात बाकी कुठेही १२०. सुंदा सामुद्रधुनी दक्षिणेला, म्हणजे ९० दिवस, १८ मेला संपले. सगळ्यात लांबची १२० दिवसांची मुदत लावली तरी ती १७ जूनला संपते. ३० जूनला झालेल्या त्या चकमकीला कोणत्याच मुदतीचा आधार नव्हता. त्या तीन लस्करांची नावं इतिहासात येत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

दारूकोठार

तहनामा, गोदीकाठ, लाकूडफाटा, हे सगळं वाचून समृद्ध व्हायला झालं. आता मंडळी परत किल्ल्याकडे वळूया. पल्ल्याचा मुद्दा अजून कोणी नीट मांडलेला नाही.

उखळी_तोफ

मांडतो. जहाजं किल्ल्यापासून दोन मैलांच्या पलीकडे नांगरून होती. १३ इंची उखळीचा पल्ला चार हजार यार्डांच्या आसपास, म्हणजे सव्वादोन मैल. किल्ल्यातल्या आणि खाली पाण्याकाठच्या मोर्चातल्या तोफांचा पल्ला दीड मैलाच्या आसपास. त्यात ३६ आणि ४२ पौंडी भारी तोफाही होत्या, पण पल्ला गाठेना. आर्मिस्टेडने उत्तरादाखल बार काढले, गोळे पाण्यात पडताना पाहिले आणि थांबला. दारू वाया घालवली नाही, हे महत्त्वाचं.

दुपारी दोनच्या सुमाराला नैऋत्य बुरुजावर एक गोळा पडला, २४ पौंडी तोफ गाड्यावरून उलथली, लेफ्टनंट क्लॅगेट मारला गेला. गडबड पाहून कॉक्रेनने तीनच्या सुमाराला काही जहाजं पुढे सरकवली. ती टप्प्यात आली तशी किल्ल्याची प्रत्येक तोफ बोलू लागली आणि अर्ध्या तासात जहाजं मागे गेली. प्रश्नाचं निम्मं उत्तर या अर्ध्या तासात आहे. लांबून नेम बसत नाही, जवळ गेलं तर मार खावा लागतो.

शिडाचं_कापड

पल्ल्याचा हाच धडा उलट्या बाजूने पाहायचा तर २८ मार्च १८१४, वाल्परायसो. अमेरिकन फ्रिगेट एसेक्सवर ४० कॅरोनेड, सगळे ३२ पौंडी, आणि लांब तोफा फक्त सहा, १२ पौंडी. कॅरोनेड म्हणजे आखूड, हलकी तोफ, जवळून जबरदस्त, लांबून निकामी. वादळी झोताने एसेक्सची मधली डोलकाठी वरून मोडली, मग ब्रिटिश फीबी आपल्या १८ पौंडी लांब तोफांनिशी अंतर राखून तिला फोडत राहिली. एसेक्सला जवळ जाताच आलं नाही. तिथे तोफ विरुद्ध लाकूड होतं, म्हणून लांबून मारणं फळलं. बाल्टिमोरला समोर माती होती.

तटबंदी

नेमकं. मॅकहेन्री पाच कोनांचा, ताऱ्यासारखा, ठेंगणा. बाहेरून वीट, आत मातीचा भराव. उंच दगडी तटाला गोळा लागला की चिरे निखळून आतल्यांच्याच अंगावर येतात, माती गोळा गिळते. शिवाय बरीच माणसं बाहेरच्या खंदकात, तटाच्या आडोशाला बसवलेली होती. चारशे गोळ्यांत चार मेली त्याचं हे मोठं कारण.

पण किल्ल्यात एक भयंकर उणीव होती. दारूकोठारावर गोळा न शिरेल असं छत नव्हतं. एक गोळा खरोखरच त्यात शिरला आणि फुटला नाही. फुटता तर हा धागा निघाला नसता. आर्मिस्टेडने लगेच पिंपं बाहेर काढून तटाच्या आडोशाला विखरून ठेवायला लावली.

दारूकोठार

म्हणूनच मी वातीचा मुद्दा पहिल्याच पोस्टमध्ये घातला. सगळा मारा एका गोळ्याच्या वातीवर येऊन ठेपला होता.

खाडीचा_नकाशा

दारूकोठार, इथे मी असहमत. तो गोळा फुटला असता तर अनर्थ झाला असता हे कबूल, पण तरी जहाजं आत आली नसती. किल्ला आणि समोरचं लॅझरेटो टोक यांच्या मधल्या वाटेत अमेरिकनांनी व्यापारी जहाजं आडवी बुडवली होती, काठ्यांची साखळी लावली होती, पलीकडे तोफा असलेल्या होड्या. आधीच उथळ नदी, त्यात बुडालेली जहाजं. ती काढायला दोराने ओढणारी माणसं लागतात, आणि ती माणसं तोफांच्या टप्प्यात उघडी उभी राहणार.

म्हणून तर रात्री दुसरी वाट धरली. ब्रिटिश कप्तान चार्ल्स नेपिअर वीसेक होड्या घेऊन वल्ह्यांना कापड गुंडाळून किल्ल्याच्या पश्चिमेच्या फाट्यात शिरला. धो धो पाऊस, काळोख. निम्म्या होड्या वाट चुकून भलतीकडे गेल्या. उरलेल्यांवर त्या काठावरच्या बॅबकॉक मोर्चा आणि फोर्ट कव्हिंग्टनमधून मारा झाला आणि त्यांना परतावं लागलं.

सवडीने_वाचक

सिंध जिंकणारा नेपिअर हाच का?

खाडीचा_नकाशा

नाही. हा आरमारातला चार्ल्स जॉन नेपिअर. सिंधचा तो चार्ल्स जेम्स, याचा चुलतभाऊ. गंमत अशी की तोही या युद्धात होता: १८१३ मध्ये याच चेसापीक खाडीत क्रेनी बेट आणि हॅम्प्टनच्या हल्ल्यांत, १०२ व्या पलटणीचा प्रमुख म्हणून.

सुईदोरा

झेंड्याबद्दल दोन ओळी. मोठा झेंडा ३० बाय ४२ फुटी, मेरी पिकर्सगिलने शिवलेला, मजुरी-सामानासकट ४०५ डॉलर ९० सेंट. पंधरा तारे, पंधरा पट्टे, प्रत्येक पट्टा दोन फूट रुंद. एवढं लोकरी कापड भिजलं तर काठीच मोडेल, म्हणून पावसात १७ बाय २५ फुटी लहान झेंडा होता. मोठा चढवला तो सकाळी. आज तो वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये आहे, लांबी ३४ फूट उरली आहे.

जमिनीवरचा

सगळे पाण्यावरच लक्ष ठेवून आहात. जमीन पाहा.

आरमाराचं काम किल्ला पाडणं एवढंच नव्हतं. १२ सप्टेंबरला साडेचार हजारांच्या आसपास ब्रिटिश फौज नॉर्थ पॉइंटला उतरली. त्याच दिवशी तिचा प्रमुख जनरल रॉस गोळी लागून गेला, सूत्रं कर्नल आर्थर ब्रूककडे आली. तो शहरापर्यंत पोचला तर समोर हॅम्पस्टेड टेकडीवर अमेरिकन सेनापती सॅम्युअल स्मिथने खणलेले मोर्चे, दहा हजारांवर माणसं आणि शंभराच्या आसपास तोफा. ब्रूकला ते मोर्चे बंदराच्या बाजूने जहाजांच्या तोफांनी फोडून हवे होते. त्यासाठी जहाजं किल्ल्याच्या आत यायला हवीत.

१३ च्या संध्याकाळी कॉक्रेनने त्याला लिहून कळवलं की जहाजांकडून मदत होणार नाही, पुढे जायचं की नाही ते तुम्हीच ठरवा. ब्रूकने अधिकाऱ्यांची बैठक घेतली आणि मध्यरात्रीनंतर, पहाटे तीनच्या सुमाराला फौज मागे फिरू लागली. उजाडताना झेंडा दिसला तेव्हा जमिनीवरचा निकाल लागून गेला होता.

दारूकोठार

जमिनीवरचा, हा मुद्दा मला सगळ्यात पटला. कॉक्रेनचं पत्र संध्याकाळचं, म्हणजे दुपारी तीनच्या त्या अर्ध्या तासानंतरचं. जवळ जाता येत नाही हे त्याला तिथे कळलं. त्यामुळे वातीपेक्षा पल्ला वरचढ, असा क्रम मी लावेन. खाडीचा_नकाशा यांची बुडवलेली जहाजं त्याच्या जोडीला.

तहनामा

क्रम लावताना प्लॅट्सबर्गही धरा. ११ सप्टेंबर १८१४, म्हणजे बाल्टिमोरच्या दोनच दिवस आधी, शॅम्प्लेन सरोवरात अमेरिकन आरमाराच्या मॅक्डोनोने दोर ओढून जहाज फिरवायच्या त्याच युक्तीवर लढाई जिंकली. नांगरून लढताना त्याच्या साराटोगा जहाजाच्या एका बाजूच्या तोफा बंद पडल्या, तेव्हा त्याने आधीच टाकून ठेवलेल्या नांगरांचे दोर ओढून जहाज जागच्या जागी फिरवलं आणि दुसऱ्या बाजूच्या ताज्या तोफा पुढे आणल्या. ब्रिटिश कॉन्फियान्सने तेच करू पाहिलं आणि ते अर्ध्यावर अडकलं. ब्रिटिश जनरल प्रेव्होस्ट मोठी फौज घेऊन कॅनडात परतला.

दोन्ही बातम्या ऑक्टोबरमध्ये युरोपात पोचल्या. गेंटला ब्रिटिश वकील तोवर ज्याच्या ताब्यात जे आहे ते त्याचं या तत्त्वावर अडून होते. ती अट सुटली, आणि सीमा युद्धापूर्वीच्याच राहिल्या.

उखळी_तोफ

साराटोगाचे दोर कसे लावले होते त्यावर वेगळा धागा काढावा लागेल, आकृतीशिवाय ते समजणार नाही. आकृती तयार झाली की दुवा इथेच देतो.